दोनशे अकरा वेळा बरं

मी 'बरं' म्हणाले, हे खरं आहे. सहा दिवसांत दोनशे अकरा वेळा म्हणाले, असं कंपनीच्या अहवालात पान चारवर छापलंय, आणि कुणाला शंका नको म्हणून सोबत तक्ताही जोडलाय. तक्त्यात वार आहे, वेळ आहे, आणि प्रत्येक वेळेपुढे एक हिरवा ठिपका आहे. ते ठिपके बघितले की अजून माझं डोकं फिरतं.

मी जयमाला मगदूम. जयसिंगपूरला राहते, एसटीत कंडक्टर आहे, सतरा वर्षं झाली. विजेच्या गाड्या आल्या, तिकिटं लोकांच्या फोनवर गेली, तरी खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांवर अजून कंडक्टर लागतो, कारण म्हाताऱ्या माणसाला चढताना हात द्यायचं काम फोन करत नाही. माझा आवाज मोठा आहे. गाडीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. घरात मात्र मी 'बरं' म्हणते. दिवसभर भांडून आलेल्या बाईच्या अंगात घरी परत भांडायला जोर राहत नाही. आमटी खारट झाली, असं कुणी म्हणालं, की बरं. उद्या पाहुणे येणार आहेत, की बरं. माझं 'बरं' म्हणजे 'ऐकलं, आता पुरे'. कधीकधी त्याचा अर्थ याहून वाईट असतो. चोवीस वर्षांच्या संसारात सरांना हे पक्कं ठाऊक झालंय. सर म्हणजे माझे मिस्टर, सुकुमार मगदूम, हायस्कूलला संस्कृत आणि मराठी शिकवतात. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं, आणि मला राग आला की मीही म्हणते.

सध्या सरच म्हणते.

माझ्या पित्ताशयात खडे झाले होते. मिरजेच्या एका दवाखान्यात मंगळवारी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि पित्ताशयच काढून टाकलं. पोटाला चार भोकं, सगळ्यात मोठं बेंबीपाशी, करंगळी जाईल एवढं. बुधवारी दुपारी घरी. पूर्वी अशा पेशंटला मधे एक-दोनदा सिस्टरचा फोन यायचा, काही वाटलं तर सरळ जाऊन दाखवता यायचं. आता ते सगळं बंद झालंय, कारण आता शुश्रूषा आहे.

शुश्रूषा ही एक पट्टी. तळहाताएवढी, मऊ, उजव्या बरगडीखाली चिकटवतात. तिला अंगाचं तापमान कळतं, नाडी कळते, आपण किती पावलं चाललो आणि किती झोपलो तेही कळतं. शिवाय तिच्यात एक फार नाजूक कान आहे. आतडी सतत हलत असतात आणि त्यांचा गुरगुर आवाज होत असतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ती काही काळ गप्प होतात, मग हळूहळू पूर्ववत व्हायला लागतात. डॉक्टर पोटाला नळी लावून मिनिटभर ऐकायचे, पट्टी चोवीस तास ऐकते. इथपर्यंत कुणाची काही तक्रार नाही, माझीही नाही.

पण त्या कानाला आतड्यांबरोबर आपलं बोलणंही ऐकू येतं. माणूस बोलताना छातीत आणि बरगड्यांत जो कंप उठतो, तो पट्टीपर्यंत पोचतो. कंपनीच्या लोकांनी ठरवलं की त्याचाही उपयोग करून घ्यायचा. दुखणं मोजायचं यंत्र कुणाकडे नाही. नाडी दुखण्यानं धावते तशी भीतीनंही धावते. किती दुखतंय हे पेशंटनं स्वतः सांगावं, त्याहून खात्रीचं काही नाही, हे डॉक्टर लोकही मानतात. म्हणून पट्टीनं पेशंटच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन दिलं. 'दुखतंय', 'मळमळतंय', 'बरं', 'छान' असे शब्द ती टिपते, बाकीच्या मोजमापांत मिसळते, आणि शंभरपैकी एक आकडा काढते. पंच्याहत्तरच्या वर असला की आकडा हिरवा. आणि लोकांच्या घरातलं बोलणं चोरून ऐकल्याचा ठपका नको, म्हणून पट्टी फक्त अंगातून आलेला आवाज घेते. समोरचा माणूस काय बोलला ते तिला ऐकूच येत नाही. ही गोष्ट त्यांनी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिली आहे.

म्हणजे मी काय म्हणाले ते पट्टीला कळत होतं. कशावर म्हणाले, ते कळायची सोयच ठेवली नव्हती.

दवाखान्यातून येताना रिक्षात सर खुशीत होते. शब्दांची उकल करायची त्यांना भारी हौस. "नाव किती नेमकं ठेवलंय बघ," म्हणाले. "शुश्रूषा म्हणजे आपण सेवा म्हणतो, पण मूळ धातू श्रु, म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. आधी ऐकायचं, सेवा मग आपोआप होते."

रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला माझी चारही भोकं जागी होत होती. मी म्हणाले, "बरं."

तो पहिला ठिपका. बुधवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

शिरोळहून वन्सं आल्या होत्या माझं करायला. वन्सं म्हणजे सरांची थोरली बहीण. बाई मायाळू, पण एकदा एखाद्या गोष्टीवर विश्वास बसला की बसला. पट्टीचा आकडा सरांच्या फोनवर दिसायचा, सरांनी तो वन्संच्या फोनवरही आणून दिला, आणि वन्सं माझ्याकडे बघायच्या आधी फोनकडे बघायला लागल्या.

"जयमाला, गच्चीवर दोन फेऱ्या मार. चालायला सांगितलंय ह्यात."

"बरं."

"दिवस बुडायच्या आत जेवून घे. मुगाची खिचडी केलीया."

"बरं."

"आणि पडल्या पडल्या फोन बघत बसू नगंस, डोळ्याला तरास."

"बरं, वन्सं."

तीन ठिपके. आकडा शहाऐंशीचा सत्त्याऐंशी झाला. वन्संनी तो शेजारच्या बायकांनाही सांगितला.

पहिले दोन दिवस माझा उजवा खांदा फार दुखला. पोट कापलं आणि खांदा का दुखावा, म्हणून मी घाबरले होते, पण त्याचं कारण साधं आहे. दुर्बीण घालताना आत नीट दिसावं म्हणून पोटात वायू भरून ते फुगवतात. काम झाल्यावर वायू काढतात, तरी थोडा उरतोच. तो वर जाऊन छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याकडे जाणाऱ्या नसाही तिथूनच निघतात. मेंदूचा गोंधळ होतो, आणि पडद्याचं दुखणं त्याला खांद्याचं वाटतं. दोन-तीन दिवसांत वायू जिरतो आणि खांदा थांबतो. माझाही शुक्रवारी थांबला.

शनिवारी तो परत सुरू झाला.

आणि हे दुखणं वेगळं होतं. वायूचं दुखणं चमक मारून जायचं. हे एका जागी बसून ठणकत होतं, आणि त्याच्याबरोबर बरगडीखाली आतून जड लागत होतं. सर पेपर तपासत बसले होते.

"अहो, खांदा परत दुखायला लागलाय."

सरांनी पेपरवरून मान न उचलता फोन ओढला. "एक्क्याण्णव. काल एकोणनव्वद होता. वाढलाय की."

"पण दुखतंय."

"वायू असेल. यात लिहिलंय, काहींना पाच दिवस राहतो. गोळी घेतलीस का?"

गोळी घेतली होती. दर सहा तासांनी घ्यायचीच होती. दुखण्याची ती गोळी तापही दाबते, हे मला नंतर कळलं. पट्टीला ताप दिसला नाही, कारण पट्टीच्याच वेळापत्रकाप्रमाणे मी तो दाबत होते. शनिवारी मी तीनदा 'दुखतंय' म्हणाले. तक्त्यात ते तीन तांबडे ठिपके आहेत. त्याच दिवशीचे 'बरं' एकेचाळीस आहेत. एकेचाळीसपुढे तीन काय टिकणार?

रविवारी मला जेवण जाईना. दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

"न्हाई जात म्हंजे?" वन्सं म्हणाल्या. "नव्वद हाय की."

माझ्या पोटाला भूक आहे की नाही हे मला फोनमधून सांगत होत्या. वाईट याचं वाटलं की त्यांचा हेतू चांगला होता. आकडा नसता तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला असता. त्यांच्या लेकीच्या बाळंतपणात तो हात पंधरा दिवस हलला नव्हता, मी स्वतः पाहिलंय.

दुपारी सर बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मुख्याध्यापक असावेत. "तब्येत उत्तम आहे हो," म्हणत होते. "आकडे फार छान आहेत. ती जरा घाबरट झालीय, इतकंच."

घाबरट. एकदा अणुस्कुरा घाटात ब्रेक गेला होता, तेव्हा बेचाळीस माणसांना ओरडून जागेवर बसवणारी बाई मी. आणि मी घाबरट का, तर माझ्या पोटातलं माझ्या नवऱ्याच्या फोनवर दिसत नव्हतं म्हणून. उठून बाहेर जावं आणि चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं. पण उठायलाच येईना.

रोज सकाळी साडेसातला सरांच्या फोनवर एक प्रश्न यायचा. 'पेशंटची प्रगती आपल्या पाहण्यातही अशीच आहे का?' खाली दोन खुणा, सहमत आणि असहमत. सर चहा पिता पिता सहमत दाबायचे. सोमवारी सकाळीही दाबलं आणि शाळेत गेले. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. सरळ झोपलं की खांदा फुटायचा.

अकराच्या सुमाराला मी शुश्रूषाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बाईचा आवाज आला, गोड, पण बाई नव्हती.

"नमस्कार जयमालाताई. आज आपला आकडा अठ्ठ्याऐंशी आहे. छान प्रगती."

"छान न्हाई. खांदा ठणकतोय, पोट फुगलंय, कालपासून जेवण न्हाई. मला डॉक्टरांशी बोलायचंय."

"दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात उरलेल्या वायूमुळे खांदेदुखी होऊ शकते. थोडं चालावं आणि कोमट पाणी घ्यावं. डॉक्टरांची भेट गुरुवारी ठरलेली आहे. चालेल का?"

"बरं, पण तोवर मी..."

"आपल्याला बरं वाटत असल्याची नोंद घेतली आहे. काळजी घ्या."

फोन बंद झाला. मी तसाच कानाला धरून बसले. मग पाच दिवसांतलं माझं एकेक 'बरं' मला आठवायला लागलं. खिचडीचं, गच्चीचं, फोन बघू नको म्हटल्याचं, रिक्षातलं.

"वन्सं," मी हाक मारली, "हे माझं बोलणं धरतंय. मी तुम्हाला बरं म्हणते ना, त्याला वाटतंय मी बरी हाय."

वन्सं दारात उभ्या राहिल्या. "असं कसं करंल? एवढी शिकल्याली माणसं बनवनारी."

मी सरांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"अहो, लगेच या. मला दवाखान्यात न्या."

"वर्गावर आहे गं. काय झालं? अठ्ठ्याऐंशी दाखवतंय. जरासाच कमी झालाय. संध्याकाळी येतो, मग निवांत बघू."

आणि सवय किती वाईट असते बघा. एवढं सगळं कळल्यावरही, पोटात जाळ असताना, मी म्हणाले, "बरं."

तो दोनशे अकरावा. सोमवार, अकरा वाजून बावीस मिनिटं. तक्ता तिथं संपतो, कारण त्यानंतर मी पट्टी ओढून काढली. कातडी सोलून निघाली तरी काढली.

आमच्या घरासमोरून पावणेबाराला शिरोळ-मिरज गाडी जाते. ती माझीच गाडी. दस्तगीर मुल्ला ड्रायव्हर, आणि अकरा वर्षं त्यांच्यामागे मी. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दस्तगीरभाई कधी मागं वळून बघत नाहीत, सगळं घंटीवर. एकदा गर्दीत माझी ओढणी दारात अडकली होती. मी एकच घंटी दिली, पण जरा लांबली. गाडी थांबवून ते खाली उतरून आले आणि म्हणाले, घंटी वेगळी वाजली.

मी फाटकाला धरून हात केला. माझ्यामागे वन्सं, पायात चपला नाहीत. गाडी थांबली, दार उघडलं. दस्तगीरभाईंनी वरून एकदा बघितलं आणि त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं.

"वैनी, काय झालं?"

"काही न्हाई, जरा दवाखान्यात..."

"काही न्हाई कसं? तोंड बघा आरशात."

मला रडू आलं. पाच दिवसांत माझ्या तोंडाकडे बघितलेला हा पहिला माणूस.

"दुखतंय, दस्तगीरभाई. लई दुखतंय."

त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. प्रवाशांकडे वळून म्हणाले, "मंडळी, पेशंट हाय. मधी कुटं थांबनार न्हाई. कुनाला अंकलीला उतरायचं असंल तर आत्ताच बोला." अंकलीच्या दोघी होत्या. एक म्हणाली, चला वो, आम्ही येताना उतरतो. माझ्या जागी आलेली नवी मुलगी घंटीला हात लावायला धजेना. मग मीच दोनदा दोरी ओढली.

दवाखान्याच्या दारातल्या टेबलावरही माझा आकडा माझ्या आधी पोचला होता. "पट्टी का काढलीत?" तिथली मुलगी म्हणाली. "शेवटची नोंद अठ्ठ्याऐंशी, 'बरं वाटतंय'. तुमची भेट गुरुवारी आहे." दस्तगीरभाई काही बोलायच्या आधी मी खाली फरशीवर बसले. नाटक नव्हतं, पाय गेले होते. माझ्या शेजारी वन्सं बसल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, "तो आकडा बाजूला ठेव आणि हिला बघ." मी त्यांना बऱ्याच गोष्टींसाठी माफ केलं नसतं, पण त्या एका वाक्यासाठी केलं.

चहाला निघालेल्या लोंढे सिस्टर आवाजानं वळल्या. निवृत्तीला आलेल्या बाई, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मला बाकावर आडवं केलं, साडी सैल केली आणि पोटावर हात ठेवला. मी ओरडले. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं.

"कधीपासून?"

"शनिवारपासून."

"आणि कुणी हात लावून बघितलं नाही?"

"न्हाई."

सिस्टरांनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दाराकडे तोंड करून स्ट्रेचर मागवलं. त्यांच्या आवाजात जो राग होता, तो ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की आता मी वाचणार.

पित्ताशय काढताना त्याची नळी चिमट्यानं बंद करतात. तिथून पित्त झिरपत होतं, बहुधा शुक्रवार-शनिवारपासून. ते पोटात साचलं आणि जिथं वायू टोचला होता, त्याच पडद्याला जाऊन लागलं. खांदा तोच होता, दुखण्याचं कारण नवं होतं. हे फार क्वचित होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि लवकर कळलं तर फार अवघडही नसतं. त्यांनी पोटात नळी घालून पित्त काढलं, तोंडातून दुर्बीण घालून आत एक बारीक नळी बसवली. आणखी दोन दिवस गेले असते तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. गुरुवारला अजून तीन दिवस होते. मी पुढचं विचारलं नाही.

अठरा दिवस मी तिथं होते. सर रोज आले. खाटेच्या पायाशी उभे राहायचे, फळं सोलून द्यायचे. मी खायचे. बोलायचे नाही.

दोन महिन्यांनी कंपनीनं आम्हाला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बोलावलं. पुण्याहून रणदिवे नावाचे अधिकारी आले होते. नम्र माणूस. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि तो अहवाल पुढे ठेवला, शेवटी सह्यांची जागा. मी वाचलं. 'स्थानिक बोलीतील संदिग्ध शब्दवापरामुळे यंत्रणा व पेशंट यांच्यात गैरसमज झाला. कुटुंबातील जबाबदार व्यक्तीने दररोज सहमती दर्शवली होती. सबब कोणत्याही पक्षाची हेतुपुरस्सर चूक आढळत नाही.'

"स्थानिक म्हणजे कुठलं?" मी विचारलं.

"म्हणजे आपल्याकडे, या भागात, 'बरं' हा शब्द जरा सैल वापरतात..."

"पुण्यात घट्ट वापरतात?"

रणदिवे हसले. "मुद्दा लक्षात आला, ताई. बरं, तर आपण पुढच्या कलमाकडे..."

"लिहून घ्या," मी म्हणाले. "साहेबांना बरं वाटतंय."

मग त्यांनी सांगितलं की नव्या आवृत्तीत हा शब्द मोजणीतून वगळला आहे, आता असं होणार नाही. जणू तो शब्दच माझ्या पोटात झिरपत होता.

"तुम्ही शब्द काढलात," मी म्हणाले. "माणूस कधी घालणार? रोज एक सिस्टर फोन करंल, दोनदा विचारंल, आणि शंका आली तर पोटाला हात लावायला बोलवंल. ते कुठल्या आवृत्तीत हाय? मी सहा दिवस बोलत होते. तुमच्या कानाला पोटातली गुरगुर कळत होती आणि बाई मरायला लागलीय हे कळत नव्हतं. आणि आता तुम्ही म्हणताय माझी भाषा सैल."

"भावना समजतो," ते म्हणाले, आणि कागद सरांपुढे सरकवला. "सर, आपण भाषेचे शिक्षक आहात. शब्दाला दोन अर्थ आहेत हे आपणच सांगू शकाल. यात आपल्यावरही काही येत नाही, तसं स्पष्ट लिहिलंय."

मी सरांकडे बघितलं. तो कागद म्हणजे सरांची सुटका होती. एक सही केली की सगळा दोष एका शब्दावर जाणार होता, आणि पाच वेळा दाबलेलं सहमत पुसलं जाणार होतं. सरांनी पेन काढलं. पेपर तपासतात तसा कागद ओळीओळीनं वाचला. मला वाटलं, करणार हे सही.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"शब्दाला दोन अर्थ आहेत, पण मला त्यात गोंधळ नव्हता," सर म्हणाले. "माझी बायको 'बरं' म्हणते तेव्हा तिला बरं नसतं. हे मला चोवीस वर्षं ठाऊक आहे. तुमच्या यंत्राला ठाऊक नव्हतं, मला होतं. तरी मी रोज सकाळी सहमत दाबलं, कारण फोनकडे बघणं सोपं होतं. शुश्रूषेचा अर्थ मीच हिला रिक्षात समजावून सांगितला. ऐकण्याची इच्छा. ती मला नव्हती. हे लिहा, मी सही करतो. गैरसमज म्हणून लिहिलंत तर करणार नाही."

रणदिवे म्हणाले, असं लिहिता येत नाही. नमुना ठरलेला आहे.

आम्ही सही न करता उठलो. आमची तक्रार अजून चालू आहे, आणि मी ती सोडणार नाही. त्या दवाखान्यातून आजही माणसं बरगडीखाली पट्टी लावून घरी जातात.

मिरजेच्या स्टँडवर आलो. बाकावर बसलो. जयसिंगपूरची गाडी लागलेली होती. सर बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होते.

"चहा आणू?" म्हणाले.

"बरं," मी म्हणाले.

सर उठले, चार पावलं गेले आणि थांबले. परत आले. माझ्यासमोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बरं म्हणजे?"

मी त्यांना उभं राहू दिलं.

"म्हणजे बरगडीखाली अजून ओढतंय. म्हणजे माझा राग गेलेला न्हाई, तुम्ही आत काय बोललात तरी न्हाई. घाबरट म्हणालात ते मी ऐकलंय. आणि चहा पायजे."

सर बाकावर बसले. "चहा नंतर," म्हणाले. "आधी राग सांग."

मी सांगायला लागले, बुधवारच्या रिक्षापासून. आमच्यासमोरून जयसिंगपूरच्या दोन गाड्या गेल्या. सर उठले नाहीत.